एनएफएचएस-५ चे जिल्ह्याचे आकडे धडगाव-अक्कलकुव्याला लावता येतील का?

तळोदेकर:
नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव या तीन तालुक्यांतल्या प्रौढांसाठी तंबाखू, दारू, बीपी आणि साखरेवर आराखडा करायचा आहे. हाताशी एनएफएचएस-५ ची, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (२०१९-२१), नंदुरबार, धुळे आणि जळगावची तथ्यपत्रकं आहेत. नंदुरबारचा टक्का तिन्ही तालुक्यांना तसाच लावला तर चालेल का? जळगावशी तुलना करता येईल का? आणि २०१५-१६ च्या फेरीशी ताडून बीपी वाढलं की घटलं, हे सांगता येईल का?

गिरणाखोरे:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच होतो. चौथ्या फेरीत (२०१५-१६) बीपी आणि साखर १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया व १५ ते ५४ वयाच्या पुरुषांचीच मोजली होती. पाचव्या फेरीत १५ वर्षांवरचे सगळे आले, म्हणजे साठी-सत्तरीचेही. शिवाय पाचव्या फेरीच्या तथ्यपत्रकात गोळ्या चालू असलेला माणूसही, मोजणीत बीपी काबूत आलं तरी, बाधितांतच धरलाय. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाढ दिसणारच, आणि त्यातली किती खरी हे कळणार नाही. पाचव्या फेरीच्या पत्रकात या ओळींपुढे जुन्या फेरीच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘na’ (उपलब्ध नाही) असतं ते यामुळेच. तुलना करायचीच असेल तर मूळ डेटा घ्या, १५ ते ४९ च्या स्त्रिया वेगळ्या काढा, गोळ्यांची अट दोन्हीकडे सारखी ठेवा आणि वेट (नमुन्यातल्या प्रत्येकाला दिलेलं वजन) दहा लाखांनी भागून वापरा.

तालुक्याला आकडा लावू नका. नमुना जिल्ह्यासाठी काढलेला असतो, एका वस्तीतून २२ घरं. धडगावच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच वस्त्या येतात. जिल्ह्याच्या आकड्यालाही आजूबाजूला जागा सोडावी लागते. समजा ९०० जणांत २० टक्के आले आणि डिझाइन इफेक्ट (माणसं सुटी न निवडता वस्त्यांतून घेतल्याने वाढणारी अनिश्चितता) १.५ धरला, तर खरा आकडा साधारण १७ ते २३ च्या मध्ये कुठेही असू शकतो. दोन जिल्ह्यांत चार टक्क्यांचा फरक दिसला म्हणून लगेच बातमी करण्यात अर्थ नाही. तथ्यपत्रकात कंसातला आकडा २५ ते ४९ जणांवरचा असतो, आणि फुली (*) म्हणजे २५ पेक्षा कमी. कंसातल्यावर आराखडा बांधू नका.

जळगावशी तुलना करताना आधी वय सारखं करून घ्या, म्हणजे दोन्हीकडे वयोगटांचं प्रमाण एकच धरा. नंदुरबारची लोकसंख्या तरुण आहे, त्यामुळे बीपीचा सरसकट टक्का कमी दिसतो. तेवढ्यावरून ‘आदिवासी भागात बीपी नाही’ असं लिहिलं जातं, आणि मग तिथल्या चाळिशीपुढच्या माणसांकडे कोणी बघत नाही.

साखरेचा आकडा रँडम आहे, उपाशीपोटीचा नाही. १४१ ते १६० (मिग्रॅ/डेसीलिटर) ‘जास्त’, १६० च्या वर ‘खूप जास्त’. हा मधुमेहाचा टक्का नव्हे.

तापीकाठ:
तंबाखूबद्दल भर घालतो. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असं विचारलं की मिश्री लावणाऱ्या बाया सरळ नाही म्हणतात, आणि त्यांच्या हिशेबाने ते खरंच असतं. मिश्री हे दात घासायचं काम! विडी, चुना-तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री, तपकीर ही नावं एकेक घेऊन विचारावी लागतात. मिश्री दिवसातून किती वेळा लावता, हेही विचारा. सकाळी एकदा आणि दिवसभरात चार-पाचदा यात सवयीचा मोठा फरक आहे.

दारूचंही तसंच. ‘दारू’ म्हटलं की बाटली डोळ्यासमोर येते, म्हणून मोहाची आणि ताडी वेगळी विचारा. प्रश्न आधी मराठीत पक्के करा, मग भिली आणि पावरी या तिथल्या बोलींत करून घ्या आणि दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत आणून बघा. अर्थ कुठे सरकला ते लगेच सापडतं.

आशाताई तिशीपुढच्यांची जी सीबॅक यादी (आजारांचा धोका गुणांनी मोजणारा फॉर्म) भरतात, तिलाही सर्वेक्षण समजू नका. जिथे फॉर्म जास्त भरले गेले तिथे धोका जास्त दिसतो, इतकंच. ४ च्या वर गुण आलेल्यांना आधी तपासणीला बोलवायला ती उत्तम आहे.

तळोदेकर:
म्हणजे आपलं छोटं सर्वेक्षण करावं लागणार. किती माणसं लागतील?

गिरणाखोरे:
तिन्ही तालुके मिळून एक आकडा हवा असेल तर ५० टक्के प्रमाण आणि ५ टक्के चूक धरून ३८४. वस्त्यांच्या नमुन्यासाठी दीडपट केली की ५७६. पाचात एक भेटणार नाही असं धरून ०.८ ने भागा, ७२० होतात. ३० वस्त्या, प्रत्येकी २४ माणसं. तालुकावार आकडे हवे असतील तर प्रत्येक तालुक्यात तेवढीच.

गावांची यादी लोकसंख्येच्या प्रमाणात निवडा, पण धडगावला तेवढ्यावर थांबू नका. तिथे एक गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले पाडे. मोजणारे रस्त्यालगतच्या पाड्यावर २४ पूर्ण करून खाली उतरतात. आधी पाड्यांची यादी करून त्यातून चिठ्ठी काढा. घरात एकच प्रौढ घ्या, तोही चिठ्ठीने. तो शेतावर असेल तर शेजारच्याला धरू नका, संध्याकाळी परत जा, निदान दोनदा. नाहीतर नमुन्यात बाया आणि म्हातारी माणसंच उरतात. घरात चार प्रौढ असतील तर निवडलेल्याचं वजन चौपट, हे विश्लेषणात विसरतं.

बीपीसाठी ५ मिनिटं बसवा, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. तीन मोजण्या, शेवटच्या दोन्हींची सरासरी. दंडाचा घेर टेपने मोजा. मशीनसोबतचा दंडाला गुंडाळायचा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो. सातपुड्यात २२ च्या आतले दंड बरेच भेटतात, त्यांना तो पट्टा लावला तर बीपी कमी येतं. लहान पट्टा सोबत ठेवा. रोज संध्याकाळी नोंदलेल्या बीपीचे शेवटचे अंक बघा. डिजिटल मशीनवर दहात एखादंच शून्य यायला हवं, जास्त आली तर कोणीतरी अंदाजे लिहितंय.

तापीकाठ:
काम दिवाळीच्या आधी उरका. नंतर माणसं ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि कष्टाच्या वयाची माणसंच नमुन्यातून गळतात. होळीला परत येतात खरी, पण त्या आठवड्यात ‘गेल्या ७ दिवसांत दारू घेतली का?’ विचाराल तर जवळजवळ सगळेच हो म्हणतील.