व्यायामाआधीचे आणि नंतरचे स्ट्रेचिंग: तुमचा अनुभव काय?

नुकताच जिमला जाऊ लागलेल्या माझ्या भाच्याने विचारले, "मावशी, स्ट्रेचिंग आधी करायचे की नंतर?" आणि इतकी वर्षे व्यायाम करूनही मला ठाम उत्तर देता आले नाही. शाळेत पीटीच्या तासाला आम्ही मैदानावर येताच वाकून पायाचे अंगठे धरत असू. आता ते चूक होते असे सांगतात. ज्यांना स्वतःच्या अंगावर प्रचीती आली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ऐकीव सल्ले नकोत, ते घरोघरी मिळतात.

दादर, धावणारा

डिसेंबरमधली पहाट होती आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी माझा सराव चालू होता. शिवाजी पार्कला पोहोचताच कट्ट्यावर टाच टेकवली, गुडघा ताठ ठेवला आणि हिसके देत पुढे वाकून मिनिटभराहून अधिक वेळ मांडीची मागची बाजू ताणली. तिसऱ्या फेरीत तिथेच चमक भरली आणि तीन आठवडे धावणे बंद झाले. त्या ताणामुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण आदल्या रात्री झोपही धड झाली नव्हती. फिजिओथेरपिस्टने मात्र समजावले की स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला, तर त्याची ताकद काही काळ किंचित उतरते आणि थंड अंगाला हिसके देणे तर टाळावेच. आता मी आधी पाच-सात मिनिटे झपझप चालतो, मग पाय पुढे-मागे झुलवतो, गुडघे उचलून चालतो, आणि धावून झाल्यावरच तोच कट्टा वापरतो: प्रत्येक पाय तीस सेकंद, दोनदा, हिसका न देता.

मुलुंड, निवृत्त शिक्षिका

मी धावत नाही, रोज पाऊण तास चालते. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येत असे. डॉक्टरांनी तळपायाचा पडदा दुखावल्याचे निदान केले. तेव्हापासून उशाशी जुना पंचा असतो. पलंगावरून उतरण्याआधी तो चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढून धरते. चालून आल्यावर भिंतीला हात टेकून मागचा पाय ताठ ठेवते, म्हणजे पोटरीचा वरचा भाग ताणला जातो, आणि नंतर तोच गुडघा थोडा वाकवते, म्हणजे खालचा. हा दुसरा प्रकार मला कुणी सांगितलाच नव्हता. तीन महिने लागले, पण कळ गेली.

लालबाग, माजी कबड्डीपटू

आमच्या वेळी स्ट्रेचिंग हा शब्द नव्हता. जोर, बैठका आणि मैदानाभोवती फेऱ्या होत्या. चढाईत बोनस रेषेपलीकडे पाय टाकताना जांघेवर जो ताण येतो, त्यासाठी अंग तापलेले असणे महत्त्वाचे, हे आमचे प्रशिक्षक ओरडून सांगत. सामन्यानंतर आम्ही थेट वडापावच्या गाडीवर जात असू. पुढे शिस्तीने ताण देऊ लागलो, तरी दुसऱ्या दिवशी चाळीचा जिना उतरताना पाय दुखायचे ते दुखतच राहिले. यावर कुणी जाणकाराने लिहावे.

परळ, फिजिओथेरपीची विद्यार्थिनी

काका, तुमचे निरीक्षण बरोबर आहे. या विषयावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये घेतला होता. व्यायामानंतर ताण दिल्याने दुसऱ्या दिवशीचे दुखणे शंभर गुणांच्या मापावर सरासरी एखाद्याच गुणाने कमी झालेले दिसले. ते दुखणे श्रमाच्या वेळी स्नायूंत तयार होऊन साचलेल्या लॅक्टिक आम्लाचे नसतेच, कारण ते आम्ल साधारण तास-दोन तासांत निवळते. सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेशी त्या दुखण्याचा संबंध असतो. सांध्यांची लवचिकता मात्र नियमित ताणाने नक्की वाढते, आणि मी रुग्णांना ताण सांगते तो त्यासाठी.

विरार, नोकरदार

अंधेरीतल्या जिममधून रात्रीची लोकल गाठायची म्हणून शेवटची दहा मिनिटे मी नेहमी गाळत असे. एकदा बैठकांचा भारी व्यायाम करून तसाच गाडीत शिरलो आणि बोरिवलीच्या आसपास पोटरीत असा गोळा आला की ओरडलोच. समोरच्या आजोबांनी उठून जागा दिली, याची लाज अजून वाटते. आता गाडी येईपर्यंत फलाटाच्या खांबाला हात लावून पोटऱ्या ताणत उभा असतो. लोक वळून पाहतात.