डायल अडकते म्हणून तेल ओतू नका

जुन्या, बोटाने डायल फिरवायच्या फोनची डायल रेंगाळत परत येते, तर आत तेल सोडा, असा सल्ला दिला जातो. जरा थांबा. परतीचा वेग गव्हर्नर नावाचा आतला भाग राखतो, आणि तो घर्षणावर चालतो. तिथे तेल गेलं की डायल सुसाट सुटते आणि नंबर चुकीचे लागतात. आधी जुनं, चिकट झालेलं वंगण पुसून काढा. मग फक्त फिरत्या दांड्यांच्या टोकांना घड्याळाच्या तेलाचा सुईच्या अग्राएवढा थेंब. तपासायला शून्य फिरवा. बहुतेक देशांत शून्य म्हणजे १० पल्स (डायल परतताना लाइनवर जाणारे विजेचे ठोके), सेकंदाला साधारण १० या गतीने. म्हणजे डायल सेकंदाभरात, फार तर किंचित उशिरा, जागेवर यायला हवी.

फोनच्या बॅकेलाइटच्या (जुन्या, कडक प्लास्टिकच्या) कवचाला सँडपेपर तर अजिबात नको! वरचा चकचकीत थर गेला की आतला लाकडाचा भुसा उघडा पडतो. मग कितीही घासा, मळकटच दिसतो. आवाज खरखरत असेल तर हँडसेट तळहातावर हलकेच आपटून बघा, माइकमधले कार्बनचे कण मोकळे होतात.

विकत घेताना मी खालची प्लेट उघडायला लावतोच. वरून झगमगणाऱ्या कित्येक फोनांत घंटाच नसते.