विषय: शनिवारचं हळदीकुंकू – गुळपोळ्या कोण आणणार?

सेक्रेटरी:
मंडळी, शनिवारी दुपारी फ्रीझिंग रेनचा (पडताच गोठणाऱ्या पावसाचा) अंदाज आहे. हॉल टोरोंटोजवळच्या मिसिसागाचा, डिपॉझिट परत मिळत नाही (मागच्या वेळेसारखं नको). स्टोनी क्रीकच्या वहिनींकडे दीडशे गुळपोळ्या तयार होताहेत आणि त्यांच्या गाडीला ऑल-सीझन टायर आहेत, विंटर टायर नाहीत. कुणी जाऊन आणेल का? आज रात्रीपर्यंत कळवा.

रि: स्टोनी क्रीकहून
मीच आणेन की! ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, बावीस वर्षं इथे गाडी चालवतेय. फक्त स्कायवे नको, त्या पुलावर वाऱ्याने माझा जीव जातो. रेड हिल आणि लिंक, हॅमिल्टनच्या या दोन रस्त्यांवरून ४०३ हायवेला लागेन.

रि: रि: बर्लिंग्टनचे काका
वहिनी, चारी चाकं ओढतात ती गाडी निघताना. थांबायचं असलं की चार ब्रेक सगळ्यांनाच असतात. साधारण ७ अंशांच्या खाली ऑल-सीझनचं रबर कडक व्हायला लागतं. माझी पहिली गाडी ४०३ च्या रॅम्पवर अशीच गोल फिरली होती, मागे हार्मोनियम होती, तिचा सूर तेव्हापासून गेला तो गेलाच. क्वीबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. आपल्याकडे ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून इन्शुरन्सवाल्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते. विचारा.

रि: रि: रि: मिल्टन
विचारली काका. सवलतीपेक्षा वर्षातून दोनदा टायर बदलून घेण्याची मजुरी जास्त. वेगळ्या रिम घेतल्या तर परवडतं म्हणे. कुणाकडे १७ इंची आहेत का?

रि: कार्पूलची यादी
कार्पूलची यादी सहा वर्षं मी करते. सेक्रेटरींनी परस्पर ईमेल लिस्टवर टाकण्याआधी मला एक फोन केला असता तर बरं झालं असतं. असो. हॅमिल्टनकडून दोन गाड्या आहेत, दोन्हींना विंटर टायर.

रि: रेड हिल?? (हॅमिल्टन)
वहिनी, स्कायवे टाळून रेड हिल? निसरड्या डांबरावरून ज्या रस्त्याची न्यायालयीन चौकशी झाली, तो? २०१९ मध्ये नवं डांबर घातलंय हे खरं, पण चढ आणि वळणं तीच आहेत. शिवाय पुढे अँकेस्टरला ४०३ वर उतारही आहेच. ५११ वर (रस्त्यांची स्थिती सांगणारी सेवा) बघून निघा, अंदाजाने नको.

रि: रि: रेड हिल?? (ओकव्हिल)
टायर आणि रस्ते पुरे आता. बर्फ वेगळा, फ्रीझिंग रेन वेगळा. पाऊस म्हणून पडतो आणि डांबराला लागला की काच होते. विंटर टायरही तिथे हात टेकतात. खिळ्यांचे टायर लागतात, ते आपल्या भागात चालत नाहीत, फक्त उत्तर ओंटारिओवाल्यांना परवानगी. शुक्रवारी दिवसभर कोरडं आहे. पोळ्या शुक्रवारीच हॉलच्या जवळपास आणून ठेवा आणि शनिवारचा कार्यक्रम सकाळी दहाला घ्या.

रि: दहाला??
दहाला मेकअप कधी करायचा?

रि: स्टोनी क्रीकहून
ठीक. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर निघेन. पण ठेवायच्या कुठे? मोठा फ्रीजर कुणाकडे आहे?

रि: रि: बर्लिंग्टनच्या काकू
गुळपोळी फ्रीजरमध्ये? अगं, खमंग भाजलेली गुळपोळी आठ दिवस डब्यात टिकते. माझ्याकडे आण. गॅरेजमध्ये ठेवणार नाही, मागच्या वेळी रॅकूनने लाडवांचं काय केलं ते ह्यांना विचार.

सेक्रेटरी:
ठरलं. पोळ्या शुक्रवारी काकूंकडे, कार्यक्रम सकाळी १० ते १. पार्किंगमध्ये मीठ टाकायला हॉलवाल्यांना सांगितलंय, तरी दोन पोती मी आणतोय. पैठणीखाली बूट घाला, कोल्हापुरी पिशवीत आणा. कार्पूलची यादी पूर्वीप्रमाणेच, ज्यांच्याकडे असते त्यांच्याकडे.

रि: मिल्टन
१७ इंची रिमचं कुणी बोललंच नाही.