टाळेबंदीत एम्प्रेस गार्डनला मदत नेमकी कशी करावी? (कोरोना काळातील प्रश्नोत्तरे)

प्रश्न : वानवडीतील रहिवासी

नमस्कार. टाळेबंदीमुळे पुण्यातील एम्प्रेस गार्डन सध्या बंद आहे. हे उद्यान महापालिकेचे नसून १८३० साली स्थापन झालेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेकडे आहे, त्यामुळे तिकीटविक्री थांबली की उत्पन्नाचा हक्काचा मार्गच बंद होतो. आमच्या संकुलातील काही कुटुंबांनी वर्गणी जमवली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्या पैशांतून उद्यानाला रोपे घेऊन द्यावीत, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. हे योग्य होईल का?

उत्तर : निवृत्त उद्यान पर्यवेक्षक

रोपे देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. सुमारे ३९ एकरांच्या त्या जुन्या उद्यानात झाडांची कमतरता नाही. अडचण आहे ती निगराणीची. फाटक बंद झाले म्हणून माळ्याचे काम थांबत नाही. वैशाखाच्या उन्हात रोपवाटिकेतील पिशव्यांमधली माती पाहता पाहता कोरडी पडते, कडा सोडते, आणि मग वरून घातलेले पाणी मुळांना न भिजवता कडेने निघून जाते. अशी रोपे वाचवायला रोज माणूस हजर लागतो. महाकाय वेलींचा भार पेललेल्या फांद्या वळवाच्या वाऱ्यापूर्वी तपासाव्या लागतात, आणि ते नवख्या स्वयंसेवकाचे काम नव्हे. म्हणून रक्कम वेतन, पाणी आणि देखभाल यांसाठीच द्यावी. फलकावर नाव लावण्याची अट तर मुळीच घालू नये.

उत्तर : कर सल्लागार, कोथरूड

वरील मताशी पूर्णपणे सहमत आहे. देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी, कारण २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर आयकर कायदा, १९६१ मधील कलम ८०जीची, म्हणजे देणगीदाराच्या करपात्र उत्पन्नातली, वजावट मिळत नाही. संस्थेची त्या कलमाखालील नोंदणी आधी विचारून घ्यावी. आपल्यापैकी कोणी मोठ्या कंपनीत असल्यास तेथेही विषय काढावा, कारण कंपनी कायदा, २०१३ नुसार वनस्पतींचे संरक्षण हे सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून करता येणाऱ्या कामांत मोडते.

उत्तर : प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता संस्थेच्या कार्यालयाला पत्र लिहून कोणता खर्च सर्वांत निकडीचा आहे, हे विचारतो. एकरकमी देण्यापेक्षा दरमहा ठरावीक रक्कम पाठवता येईल का, हेही संकुलातील मंडळींशी बोलून ठरवू. रोपे आमच्याच अंगणासाठी हवी असतील, तर उद्यान उघडल्यावर तेथील रोपवाटिकेतूनच विकत घेऊ.