युरोलीगचा विजेता एका वीकेंडला ठरावा का? फायनल फोर विरुद्ध मालिका

चोवीस_सेकंद (धागाकर्ता)

आधी युरोलीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च बास्केटबॉल स्पर्धेच्या, २०२३-२४च्या मोसमाचा हिशेब मांडतो. अठरा संघ, प्रत्येकाचे ३४ साखळी सामने. रेआल माद्रिद २७ जिंकून ७ हरला आणि पहिला आला. प्लेऑफमध्ये बास्कोनियाला ३-० असं संपवलं. बर्लिनच्या फायनल फोरमध्ये (उरलेले चार संघ, एकच शहर, उपांत्य आणि अंतिम फेरी एकेका सामन्याची) शुक्रवारी ऑलिंपियाकोसला ८७-७६ हरवलं. मग २६ मे २०२४, रविवार, अंतिम सामना. पहिल्या क्वार्टरअखेर माद्रिद ३६-२५ पुढे, मध्यंतराला ५४-४९ पुढे. तिसऱ्या क्वार्टरच्या दहा मिनिटांत माद्रिदचे गुण फक्त ७. पानाथिनाइकोस ९५-८० असा जिंकला आणि २०११ नंतर पहिल्यांदा, एकूण सातव्यांदा, विजेता झाला.

पानाथिनाइकोसचा विजय निर्विवाद आहे. त्यांच्या कोस्तास स्लुकासचे २४ गुण, त्यातही शेवटच्या क्वार्टरमधला त्याचा खेळ, याला तोड नव्हती. प्रश्न पद्धतीचा आहे. २०१६-१७पासून सगळे संघ एकमेकांशी घरी आणि बाहेर असे दोनदा खेळतात. तेव्हापासून २०२४-२५पर्यंत पूर्ण झालेले आठ मोसम बघा (२०१९-२०चा कोविडमुळे रद्द झाला). साखळीत पहिला आलेला संघ यातल्या एकाही मोसमात विजेता नाही. २०१७ रेआल, २०१८ सीएसकेए मॉस्को, २०१९ फेनेरबाहचे, २०२१ आणि २०२२ बार्सेलोना, २०२३ ऑलिंपियाकोस, २०२४ रेआल, २०२५ पुन्हा ऑलिंपियाकोस. यातले पाच तर उपांत्य सामन्यातच गेले.

ऑक्टोबर ते एप्रिल जे सिद्ध केलं त्याला मे महिन्यात काहीच किंमत नसेल तर ३४ सामने खेळायचे कशाला? माझी मागणी अशी: उपांत्य फेरी तीन सामन्यांची, अंतिम फेरी पाच सामन्यांची, आणि वरच्या क्रमांकाच्या संघाला घरचं मैदान.

पिक_अँड_रोल

ठाम असहमत. तिसऱ्या क्वार्टरमधले ते ७ गुण नशिबाने पडले असं सुचवू नका.

प्रशिक्षक एर्गिन अतामनने २०२१ आणि २०२२ साली इस्तंबूलच्या एफेसला जिंकवलं, २०२४ साली पानाथिनाइकोसला. चार मोसमांत तीन विजेतेपदं, दोन वेगळे क्लब. प्रशिक्षक म्हणून झेलिको ओब्राडोविचची नऊ विजेतेपदं आहेत, पाच वेगळ्या क्लबांबरोबर, १९९२ ते २०१७. नऊच्या नऊ फायनल फोरमध्ये जिंकलेली. ही सोडत असती तर तीच ती माणसं पुन्हा पुन्हा वर आली नसती. अठ्ठेचाळीस तासांत दोन सामने जिंकणं हे वेगळं कौशल्य आहे. त्यासाठी तीन संभाव्य प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास आधीच करून ठेवावा लागतो. शुक्रवारी रात्री कोणाला किती मिनिटं खेळवायचं हे रविवार डोळ्यासमोर ठेवून ठरवावं लागतं. शनिवारी सराव जवळजवळ नसतोच, व्हिडिओ आणि चालत चालत केलेली उजळणी एवढंच.

आणि मालिका नाही असं कसं म्हणता? उपांत्यपूर्व फेरी पाच सामन्यांचीच असते, २-२-१ अशी: वरच्या संघाकडे दोन, खालच्याकडे दोन, पाचवा पुन्हा वरच्याकडे. २०२४ला चारपैकी तीन मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेल्या. मोनॅको आणि बार्सेलोनाला पाचवा सामना घरी मिळाला होता, दोघेही हरले. घरचं मैदान मिळालं की न्याय होतो हे गृहीतकच कच्चं आहे.

हिशेबनीस

दोन्ही बाजूंनी भावना पुष्कळ झाल्या, थोडे आकडे घालतो.

समजा पहिला संघ इतका सरस आहे की कुठल्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक सामना जिंकण्याची शक्यता ६५ टक्के. तर:

एकेक सामन्याच्या दोन फेऱ्या जिंकणं: ४२ टक्के.
तीन-तीन सामन्यांच्या दोन फेऱ्या: सुमारे ५२ टक्के.
पाच-पाच सामन्यांच्या दोन फेऱ्या: ५८ टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे चोवीस_सेकंद म्हणतात तसा फरक पडतो, पण सगळं पारडं फिरण्याइतका नाही. सर्वांत लांब पद्धतीतही दहातल्या चार मोसमांत अव्वल संघ हरणारच.

आता आठपैकी शून्य या आकड्याकडे. पहिला संघ खरोखर ६५ टक्क्यांचा असता आणि दरवर्षी फायनल फोरला पोचला असता (आठही वेळा पोचला आहे), तर आठही वेळा हरण्याची शक्यता दीड टक्क्याहून कमी निघते. निव्वळ नाणेफेक मानली, म्हणजे प्रत्येक सामना ५०-५०, तर तीच शक्यता १० टक्के येते. यावरून मला दिसतं ते असं की साखळीतला पहिला संघ मे महिन्यात सर्वांत बलवान नसतोच. तक्ता ऑक्टोबरपासूनची बेरीज दाखवतो. मे महिन्यापर्यंत कोणाची दुखापत बरी झालेली असते, कोणी जानेवारीत नवा खेळाडू घेतलेला असतो, कोणी डिसेंबरात प्रशिक्षक बदललेला असतो. मालिका लांबवल्याने ही दरी भरत नाही.

चोवीस_सेकंद

@पिक_अँड_रोल, ओब्राडोविचचंच उदाहरण पुढे नेऊ. त्याचा फेनेरबाहचे २०१६च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत सीएसकेएकडून ९६-१०१ हरला, २०१८चा अंतिम सामना रेआलकडून हरला, २०१९ला साखळीत पहिला येऊन उपांत्य सामन्यात एफेसकडून मोठ्या फरकाने हरला. सर्वांत जाणकार प्रशिक्षकालाही एका रात्रीचं काही सांगता येत नाही, हे त्यातूनही दिसतं.

एका सामन्यात नेमकं काय बिघडतं ते बघा. रेआलचा बचाव एडी तवारेसभोवती उभा आहे, उंची २ मीटर २१. स्क्रीन लागली (म्हणजे प्रतिस्पर्ध्याने आपल्या गार्डसाठी बचावपटूची वाट अडवली) की तो मागे सरकून रिंगजवळ थांबतो. मग समोरच्या गार्डला फ्री थ्रो रेषेच्या आसपास मोकळी जागा मिळते. स्लुकाससारखा माणूस तिथून थांबून मारतो किंवा तवारेसच्या डोक्यावरून उंच सोडतो. यावर उपाय आहेत: दुसऱ्या बाजूचा खेळाडू आत खेचणं, तवारेसला दोन पावलं वर आणणं, किंवा तो बाकावर असताना बचावपटूंनी आपापल्या माणसांची सरसकट अदलाबदल करणं. पण हे बदल बसवायला प्रशिक्षकाकडे असतं काय? पहिल्या अर्धात दोन टाइमआउट, दुसऱ्या अर्धात तीन. मालिकेत मधे दोन दिवस मिळतात, आणि दुसऱ्या सामन्यात वेगळा संघ दिसतो. बास्केटबॉलमधली खरी बुद्धीची लढाई तिथे आहे. फायनल फोर ती आपल्याला बघू देत नाही.

फाऊलचंही तेच. पाच फाऊलची मर्यादा, चाळीस मिनिटांचा सामना. मुख्य सेंटरला पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाऊल लागले की बहुतेक प्रशिक्षक त्याला मध्यंतरापर्यंत बसवतात. एका शिट्टीने मोसम बदलतो. पाच सामन्यांत हे दोन्हीकडे सारखं वाटलं जातं.

वेळापत्रक_बघा

मागणी ऐकायला छान आहे, पण तारखा कुठून आणणार ते कोणी बोलत नाही.

स्पेनचा क्लब धरा. २०२५-२६पासून युरोलीगमध्ये वीस संघ झाले (दुबई, हापोएल तेल अवीव आणि व्हॅलेन्सिया आले, आल्बा बर्लिन गेला). म्हणजे साखळीच ३८ सामन्यांची. स्पॅनिश लीगचे ३४. झाले ७२. त्यावर कोपा देल रे आणि सुपरकप या देशातल्या स्पर्धा, दोन्हीकडचे प्लेऑफ. युरोलीगमध्ये डबल वीक असतात, एका आठवड्यात दोन फेऱ्या, आणि रविवारी देशातल्या लीगचा सामना. तीन सामने, मधे दोन विमानप्रवास. अशा आठवड्यात सराव होत नाही, फक्त शरीर सावरणं होतं.

आता तुमची मागणी. फायनल फोरमध्ये विजेता दोन सामने खेळतो. तीन अधिक पाचच्या पद्धतीत कमीत कमी पाच, जास्तीत जास्त आठ. दोन शहरांत आलटून पालटून खेळायचं म्हटलं तर पूर्ण लांबीच्या उपांत्य मालिकेला आठवडा, अंतिम मालिकेला दीड आठवडा, मधे विश्रांती. साधारण तीन आठवडे. २०२४ साली २६ मेला बर्लिन संपलं, रेआल जूनमध्ये स्पॅनिश लीगची अंतिम मालिका खेळला (मुर्सियाला ३-० हरवून जिंकलाही), आणि २ जुलैला ऑलिंपिक पात्रता स्पर्धा सुरू झाल्या, एक व्हॅलेन्सियात, एक पिरेअसला. हे तीन आठवडे त्यात कुठे बसवाल? खेळाडूंच्या गुडघ्यांवर?

पिक_अँड_रोल

+१. आणि सभागृहाचाही विचार करा. २०२५ला अंतिम सामना फेनेरबाहचे आणि मोनॅकोचा झाला, अबुधाबीत, ८१-७०. तो मालिकेत खेळवला असता तर निम्मे सामने मोनॅकोच्या गास्ताँ मेदसँ सभागृहात झाले असते. लुई द्वितीय फुटबॉल स्टेडियमच्या पोटात असलेला हॉल, क्षमता पाच हजारांच्या आसपास. युरोपच्या सर्वोच्च सामन्याला एवढीच माणसं?

पायरीवरचा

पिक_अँड_रोल, हा मुद्दा मला उलटा दिसतो. मोनॅकोच्या प्रेक्षकांनी वर्षभर तो हॉल भरला आणि अंतिम सामना साडेचार-पाच हजार किलोमीटर दूर झाला. अबुधाबीत राहणाऱ्या मराठी मंडळींना घराजवळ युरोलीग बघायला मिळालं याचा आनंद आहेच. पण युरोपियन बास्केटबॉलचा प्राण क्लबच्या घरच्या गॅलरीत आहे. बेलग्रेड, कौनास, अथेन्स, पिरेअस इथे पाहुण्या संघाच्या फ्री थ्रोच्या वेळी जो आवाज होतो तो तटस्थ सभागृहात, महागड्या वीकेंड पॅकेजच्या तिकिटांवर, पुन्हा उभा राहत नाही.

शिवाय 'तटस्थ' कायम तटस्थ असतंच असं नाही. यजमान शहर आधी ठरतं, संघ नंतर पोचतात. २००३ला बार्सेलोना बार्सेलोनात जिंकला, २००७ला पानाथिनाइकोस अथेन्समध्ये, २०१५ला रेआल माद्रिदमध्ये, २०१७ला फेनेरबाहचे इस्तंबूलमध्ये. २०१७चा फेनेरबाहचे साखळीत पाचवा होता. म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा देतोच आहोत, फक्त तो कमावलेला नसतो.

मालिकेचा प्रयोगही झालेला आहे. २००१ला युरोपात दोन समांतर स्पर्धा होत्या. त्यातल्या नव्या युरोलीगने अंतिम फेरी पाच सामन्यांची खेळवली. किंडर बोलोन्याने ताऊ सेरामिकाला ३-२ हरवलं, प्रशिक्षक एत्तोरे मेसिना, संघात तरुण मनू जिनोबिली. पाचव्या सामन्यापर्यंत गेलेली मालिका, आणि पुढच्या वर्षी पुन्हा फायनल फोर आणलं.

हिशेबनीस

वेळापत्रकाचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. मालिका नको म्हटलं तरी पहिल्या क्रमांकाला मोल देता येतं, आणि आत्ता ते फार कमी आहे. सातव्या ते दहाव्या क्रमांकांचं प्ले-इन, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या दोन जागांसाठीचे सामने, आल्यापासून (२०२३-२४) आठवी जागा कोणाला जाईल हे शेवटपर्यंत ठरत नाही. २०२५ला रेआल सातव्या क्रमांकावरून प्ले-इनचा पहिला सामना पॅरिसशी हरला, दुसरा जिंकून आठवा म्हणून पुढे आला. परिणाम काय? ३४ सामन्यांत पहिला आलेल्या ऑलिंपियाकोसला पहिल्याच फेरीत रेआल माद्रिद. ३-१ असे जिंकले, पण पहिलं येण्याचं हे कसलं बक्षीस?

आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना क्वालिफायर हरल्यावर आणखी एक संधी मिळते. तीच रचना इथे जशीच्या तशी बसणार नाही, तत्त्व बसेल. माझा प्रस्ताव: पहिल्या क्रमांकाने पाचव्या ते आठव्यातला प्रतिस्पर्धी स्वतः निवडावा, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. एकही जादा तारीख लागत नाही. फायनल फोरमध्ये वरच्या संघाने शुक्रवारचा पहिला की दुसरा सामना ते ठरवावं. संध्याकाळचा पहिला सामना खेळणाऱ्याला रविवारसाठी सुमारे तीन तास जास्त विश्रांती मिळते. बर्लिनमध्ये ती पानाथिनाइकोसला मिळाली, साखळीत पहिला रेआल असूनही.

चोवीस_सेकंद

तीन तासांनी ते ७ गुण १५ झाले नसते.

प्रतिस्पर्धी निवडण्याची कल्पना मात्र मान्य. फक्त २०२३ विसरू नका. उपांत्यपूर्व मालिकेत रेआल घरचे पहिले दोन सामने बेलग्रेडच्या पार्टिझानकडून हरला, दुसऱ्याच्या शेवटी मारामारी झाली, रेआलच्या याबुसेलेला पाच सामन्यांची बंदी, पार्टिझानच्या पंटरला दोन. तिथून रेआलने सलग तीन जिंकून ३-२ केलं, ०-२वरून परत येणारा पहिला संघ. पुढे कौनास शहरात झालेला अंतिम सामना रेआलने युलच्या शेवटच्या सेकंदांतल्या बास्केटने ७९-७८ असा जिंकला. लोकांना युलचं बास्केट आठवतं. मला विचाराल तर त्या मोसमातलं उत्तम बास्केटबॉल त्या पाच सामन्यांत झालं, आणि ते मालिका होती म्हणूनच झालं.

वेळापत्रक_बघा

ती मालिका मीही विसरलेलो नाही. पण मग मागणी पूर्ण करा. साखळीचे ३८ सामने कमी करायला तयार आहात का? वीस संघांचे दहा-दहाचे दोन गट केले, गटात दोनदा आणि दुसऱ्या गटाशी एकेकदा खेळवलं, तर १८ अधिक १० म्हणजे २८ सामने होतात. दहा तारखा मोकळ्या. त्यात तुमची उपांत्य आणि अंतिम मालिका आरामात बसते, दोन-तीन डबल वीकही जातात. मात्र घरचे पाच सामने गेले म्हणजे प्रत्येक क्लबची तिकिटविक्री तेवढी घटली, आणि मालिकेची कमाई फक्त चौघांना. उरलेल्या सोळा क्लबांनी याला मत का द्यावं, हे आधी सांगा.