दारे दोघांनी उघडली, मग मेक्सिको मागे का राहिला?

प्रश्न
व्हिएतनामने १९८६ मध्ये अर्थव्यवस्था बाजारासाठी खुली करणाऱ्या ‘दोई मोई’ सुधारणा सुरू केल्या आणि २००७ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. मेक्सिको १९९४ पासून अमेरिका आणि कॅनडा यांच्याबरोबरच्या मुक्त व्यापार करारात आहे. निर्यात दोघांचीही कित्येक पटींनी वाढली. मात्र व्हिएतनामची अर्थव्यवस्था दीर्घकाळ वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास वाढत राहिली, तर मेक्सिकोची सरासरी अडीच टक्क्यांच्याही खालीच घुटमळली. जागतिकीकरणामुळे विकास होतो असे सरसकट म्हणणे मग कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १
तुलना करताना आरंभबिंदू लक्षात घ्यायला हवा. व्हिएतनाममध्ये बहुसंख्य लोक शेतीवर होते आणि शेतातून कारखान्यात गेलेल्या प्रत्येक माणसागणिक उत्पादकता वाढत होती. मेक्सिको तोवर बराचसा शहरी झालेला होता.

तरीही खरे उत्तर मला कारखान्याच्या आतच दिसते. अमेरिकेच्या सीमेलगतच्या ‘माकिलादोरा’ कारखान्यांत सुटे भाग बाहेरून येतात, त्यांची जुळणी होते आणि तयार माल सीमेपलीकडे जातो. निर्यातीच्या आकड्यात मालाची पूर्ण किंमत दिसते, पण देशात राहते ती मुख्यतः मजुरी. सुटे भाग बनवणारे स्थानिक उद्योग उभे राहिले नाहीत, तर निर्यात वाढूनही बाकीची अर्थव्यवस्था जागची हलत नाही. त्यातच डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि जुळणीच्या कामात मेक्सिकोला थेट स्पर्धक मिळाला.

प्रतिसाद २
वरील मुद्दा मान्य आहे, पण चर्चा केवळ व्यापाराभोवती फिरते आहे याची मला काळजी वाटते. भांडवलाची ये-जा हा स्वतंत्र विषय आहे आणि नुकसान बहुतेक वेळा तिथूनच होते. थायलंडमधील वित्तसंस्थांनी डॉलरमध्ये अल्पमुदतीची कर्जे उचलली आणि तो पैसा ‘बात’ या थाई चलनात दीर्घ मुदतीच्या बांधकामांत घातला. डॉलरला सुमारे २५ बात हा दर टिकेल, असे सर्वांनी गृहीत धरले होते. २ जुलै १९९७ रोजी बातचा दर बाजारावर मोकळा सोडावा लागला आणि जानेवारी १९९८ पर्यंत दर ५० च्या पलीकडे गेला. म्हणजे दहा लाख डॉलरचे जे कर्ज अडीच कोटी बातचे होते, ते एक पैसाही नव्याने न घेता पाच कोटींच्या वर गेले.

चिलीने १९९१ पासून काही वर्षे बाहेरून येणाऱ्या कर्जाचा ठरावीक हिस्सा मध्यवर्ती बँकेत बिनव्याजी ठेवण्याची अट घातली होती. एकूण ओघ त्यामुळे फारसा आटला नाही, पण अल्पमुदतीच्या पैशाचे प्रमाण कमी झाले. उदयोन्मुख देशांनी अशी खबरदारी घेणे गैर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ३
हे दोन्ही मुद्दे मेक्सिकोतच एकत्र येतात. करार लागू झाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात मेक्सिकोचे चलन पेसो कोसळले, बँका अडचणीत आल्या आणि पुढे बराच काळ देशांतर्गत उद्योगांना पुरेसा पतपुरवठा झाला नाही. सुटे भाग बनवू शकणारा लहान उद्योजक नेमका त्याच वेळी भांडवलाविना राहिला. परकीय कंपन्यांना मात्र बाहेरून पैसा मिळत होता.

व्हिएतनामलाही यातून सूट नाही. त्याच्या निर्यातीचा मोठा हिस्सा, सुमारे ७० टक्के, परकीय गुंतवणुकीच्या कंपन्यांकडून होतो. मजुरी वाढल्यावर त्या कंपन्या अन्यत्र वळण्याआधी स्थानिक पुरवठादार तयार झाले, तरच आजचा वेग पुढे टिकेल.