मदत हवी आहे: ही टांकसाळीतली चूक की नंतरची मोडतोड?

मंडळी, साठलेली नाणी निवडताना चार विचित्र नाणी बाजूला ठेवली आहेत. विकायची नाहीत, पण संग्रहातल्या पाकिटावर 'एरर' लिहायचं की 'खराब' हे ठरत नाहीये. जालावर शोधावं तर ठेचलेलं, घासलेलं प्रत्येक नाणं 'अतिदुर्मिळ' असतं, त्यामुळे तिथून काही बोध होत नाही. दहापट भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आहे.

पहिल्याच्या कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा नाही. दुसऱ्यावर मूळ चित्राच्या मधोमध दुसऱ्या कुठल्या तरी नाण्याची अक्षरं उलटी आणि खोल उमटली आहेत. तिसऱ्यावर वर्षाचे आकडे दुहेरी दिसतात. चौथ्यावर एक बारीक खोल रेघ अक्षरं आणि मोकळी जागा दोन्ही कापत जाते. माझा सगळ्यात मोठा घोळ या चौथ्यावरच आहे. फोटो संध्याकाळी टाकतो, तोवर काय तपासू ते सांगा.

प्रतिसाद १:
फोटोआधी एक सवय लावून घ्या. खूण दिसली की विचारायचं, नाणं बनताना नेमक्या कुठल्या पायरीवर हे होऊ शकलं असतं? पत्र्याच्या पट्टीतून कोरी चकती कापतात, तिची कड दाबून उचलतात, मग कॉलरमध्ये (चकतीला धरून ठेवणाऱ्या कड्यात) ठेवून दोन डायमध्ये (चित्र कोरलेल्या पोलादी ठशांमध्ये) ठोकतात. यातली एकही पायरी सांगता आली नाही तर उद्योग बाहेरचा आहे.

तुमचं दुसरं नाणं या प्रश्नातच बाद होतं. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्यावर ठोकली गेली तर ब्रॉकेज होतं. पूर्ण ब्रॉकेजमध्ये एका बाजूला चित्र नेहमीसारखं उठावाचं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोल, आरशात पाहिल्यासारखं येतं. तुमच्याकडे मूळ चित्र जागेवर आहे आणि वर परक्या नाण्याची अक्षरं दाबलेली आहेत. कोणीतरी दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून आवळली. पलीकडची बाजू चपटी झाली आहे का तेही बघा.

पहिल्यासाठी वजनकाटा बाजूला ठेवा. तुकडा टांकसाळीत कमी पडो की कानशीने घासला जावो, वजन कमीच भरणार. तुकड्याच्या बरोबर समोरची कड पाहा. कड उचलताना चकती दोन्हीकडून दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरही दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट राहते. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. प्रत्येक खऱ्या नाण्यावर तो ठळक असतोच असं नाही, पण असला तर मोठा पुरावा. शिवाय तुकड्यालगतची अक्षरं तिकडे ओढल्यासारखी पसरलेली हवीत. सरळ कापल्यासारखी दिसली तर कानस.

प्रतिसाद २:
तिसऱ्याबद्दल. दुसरा आकडा सपाट, पायरीसारखा आणि मूळ आकड्याला कुरतडून बनलेला दिसतो का? मग ते मशीन डबलिंग. ठोकताना सैल डाय किंचित हलली. घडलं टांकसाळीतच, पण संग्राहक याला भाव देत नाहीत, मीही देत नाही. खरी डबल्ड डाय म्हणजे डाय घडवतानाच ठसा दोनदा सरकून बसलेला. त्यात दोन्ही आकडे गोलसर, पूर्ण उठावाचे असतात आणि टोकं दुभंगतात. अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट बघा, त्यावरचं दुहेरीपण भिंगाशिवाय दिसतं. चूक डायमध्येच असल्याने त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर ती येते.

(दोन छापांची नाणीही कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो: ती जवळजवळ सगळी जादूगारांची. एक पोखरून त्यात दुसरं बसवलेलं असतं, कडेच्या आत सांधा सापडतो.)

धागाकर्ता:
दोघांचे आभार. तिसरं सपाट पायरीचंच आहे. पहिल्याच्या समोरची कड अर्धवट वाटते, फोटोत नीट येईल असं पाहतो. चौथ्याचं काय? डायला तडा गेला असेल का?

प्रतिसाद १:
नाही. डायवर भेग म्हणजे खळगा, त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उठावाची रेघ येते. तुमची खोल आहे. दोनच शक्यता उरतात: साधा ओरखडा, किंवा डाय आणि चकतीच्या मध्ये तार, धागा असं काही येऊन ठोकलं गेलेलं. ओरखड्यात धातू खणला जातो, म्हणून दोन्ही काठांवर बारीक बांध उठतो. मध्ये वस्तू आली असेल तर धातू नुसता दबतो, बांध नसतो.

धागाकर्ता:
बांध जाणवत नाही, पण नाणं भरपूर वापरलेलं आहे. झिजून गेला असेल तर?

प्रतिसाद १:
शक्य आहे, बांध आधी झिजतो. मग प्रकाश अगदी तिरपा पाडून, रेघ जिथे अक्षर ओलांडते ती जागा पाहा. ओरखड्याने अक्षराचा धातू एकाच दिशेला ओढून मोकळ्या जागेत सांडलेला असतो. रेघेच्या तळाशी धाग्याच्या विणीसारखा पोत दिसला तर मात्र प्रकरण वेगळं.

धागाकर्ता:
पाहिलं. दोन अक्षरांच्या उजव्या अंगाला धातू सांडलेला स्पष्ट दिसतो, डाव्या अंगाला काहीच नाही. तळ गुळगुळीत आहे.

प्रतिसाद २:
ओरखडा. आता पहिल्याचे फोटो टाका, छापा आणि काटा दोन्हीकडून, कडेचा वेगळा.